गाडी गुणगुणते तेव्हा: जुन्या सुमोचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि एक अडकलेलं बुच

एपिसोड ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहिला, अशा सगळ्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना मी खूप वेळा 'म्हणजे' म्हणतो, ते काढून टाकलंय. बाकी बरंचसं तसंच आहे.

आजचा विषय आहे गाडीच्या पोटातलं ते तेल, जे कुणी कधीच बदलत नाही. इंजिन ऑइल सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी दोन ठिकाणी तेल असतं, एक गिअरबॉक्समध्ये आणि दुसरं मागच्या एक्सलच्या मधल्या गोल पोटात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये. गॅरेजवाले त्याला नुसतं 'हाउसिंग' म्हणतात. ही दोन तेलं आमच्या गाडीत शेवटची कधी बदलली होती, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. बाबांनाही नाही, आणि बाबांना त्या गाडीचा प्रत्येक ओरखडा कुठे पडला ते पाठ आहे.

गाडी म्हणजे टाटा सुमो, २००४ ची. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं अनेकांना वाटतं, पण ते सुमंत मुळगावकरांच्या नावातून आलंय. 'सुमंत'मधला सु आणि 'मुळगावकर'मधला मु, इंग्रजी स्पेलिंगमधून मो झालेला. पुण्यात टाटांचा कारखाना उभा करण्यात या माणसाचा मोठा वाटा होता. सुमो १९९४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. आमची आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. करावे गावठाणात तेव्हा गल्लीत गाडी वळवायला जागा होती. आता बाबा आरसे मिटवून आत घालतात.

तर झालं असं की दिवाळीनंतर गाडी गुणगुणायला लागली. पाम बीच रोडला ५०-६० चा स्पीड धरला की मागून एक सूर यायचा, पाय उचलला की बदलायचा. एका गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि सांगितलं, "क्राऊन-पिनियन गेलं, अख्खं हाउसिंग बदला." जो आकडा सांगितला त्यात गाडीच्या भंगाराच्या किमतीचा बराच भाग गेला असता. २०१९ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवली होती. २०२४ मध्ये पुन्हा तेच केलं. आईचं म्हणणं होतं, आता बास, विका. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चैत्रात एकवीरेला सगळ्यांना हिच्यातूनच न्यायचं असं ठरवून टाकलं. आगरी-कोळी घरात हे वाक्य आलं की पुढे वाद संपतो.

मी कम्प्युटरचा बीटेक. गाडीत हात घालण्याचा अनुभव म्हणजे वायपर बदलणे. पण बग कुठे आहे हे शोधल्याशिवाय अख्खं मॉड्यूल बदला म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. म्हणून आधी आवाज रेकॉर्ड केला. एपिसोडमध्ये इथे चाळीस सेकंदांची क्लिप वाजते. वाचणाऱ्यांनी डास कानाजवळ येतो तो आवाज जाड करून मनात आणावा.

आता थोडं गणित. गिअरचा आवाज दात दाताला लागण्यातून येतो. म्हणजे सेकंदाला जितके दात भेटतात, तितकी त्या सुराची फ्रिक्वेन्सी. चाकाचा परीघ अंदाजे २.१ मीटर धरा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास ८ वेळा फिरतं. क्राऊन व्हील, म्हणजे मागच्या एक्सलमधली मोठी तबकडी, चाकाबरोबर फिरते. तिला समजा ४१ दात असले तर ८ गुणिले ४१, साधारण ३२५ हर्ट्झ. ताशी ४० ला हाच सूर २१७ हर्ट्झवर उतरायला हवा. दातांची संख्या गाडीगाडीत वेगळी असते, पण प्रमाण तेच राहतं. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप्स भरपूर आहेत. बहिणीला शेजारी बसवलं, तिच्या हातात फोन दिला. सूर स्पीडबरोबर बरोब्बर सरळ रेषेत वर-खाली होत होता.

एवढ्याने सिद्ध काहीच होत नाही, टायरचा आवाजही स्पीडबरोबरच वाढतो. म्हणून तीन साध्या चाचण्या. एक, रस्ता बदला. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर. दोन, स्पीड तोच ठेवून गिअर बदला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर 'डायरेक्ट' असतो, म्हणजे इंजिनाकडून आलेलं फिरणं गिअरच्या जोड्यांतून न जाता सरळ पुढे जातं. त्यामुळे आवाज तिसऱ्यात येतोय आणि चौथ्यात गायब होतोय तर संशय गिअरबॉक्सवर. आमच्याकडे तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात सूर तोच, कारण हाउसिंगला चाकाच्या स्पीडशी घेणं, गिअर कुठला टाकलाय त्याच्याशी नाही. तीन, ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना ऐका. दोन्हीकडे सूर वेगळा असेल तर दातांचा प्रश्न, कारण दाबताना दाताची एक बाजू लागते आणि सोडताना दुसरी. कायम सारखी घरघर असेल तर बेअरिंगकडे बघायचं. आमच्यात दोन्ही होतं, थोडं थोडं.

म्हणजे गॅरेजवाला जागेबद्दल चुकला नव्हता. पण 'का' हे त्याने बघितलंच नव्हतं.

आता हे डिफरन्शियल कशाला असतं ते सांगतो, कारण इंजिनिअरिंगला मी हे पाठ केलं होतं आणि समजलं मात्र आत्ता. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त चालतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं तर काटकोनात एकदा वळण्यात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त जातं. गंमत म्हणजे वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडली असती तर हे सव्वादोन मीटर एका टायरने घासत काढले असते. त्यावर उपाय म्हणून मध्ये चार-पाच छोटे गिअर असे बसवतात की दोन्ही चाकांना जोर सारखा मिळतो, फिरणं मात्र ज्याचं त्याला. १८२० च्या दशकात पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं. घड्याळजीच हा, दुसरं कुणाला सुचणार!

'जोर सारखा' यातच त्याची खोडही आहे. एक चाक खाडीच्या चिखलात गेलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे नाहीच. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. टीएस चाणक्यच्या मागे फ्लेमिंगो बघायला गेलेल्या कितीतरी लोकांनी हा प्रयोग फुकटात केलेला आहे.

आणि दुसरी गोष्ट, तेलाची. प्रॉपेलर शाफ्ट लांबीने येतो, चाकं आडवी फिरतात, म्हणजे फिरणं काटकोनात वळवायचं आहे. हे काम पिनियन नावाचा छोटा गिअर आणि क्राऊन करतात. सुमोसारख्या गाडीत पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, जरा खाली असतो. त्याला हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९२६ मध्ये अशा गाड्या आणल्या, शाफ्ट खाली गेल्यामुळे गाडीची फरशी खाली बसवता आली. पण यात दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून बाहेर पडतं. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाताचा पृष्ठभाग तापला की ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. झिजतो तो थर, दात वाचतो. गिअर ऑइलला जो कुजकट, लसणीसारखा वास येतो तो याच गंधकाचा. सोमवारच्या स्टँडअप कॉलमध्ये माझ्या हाताला येत होता. बरं झालं, व्हिडिओत वास जात नाही.

(या कामासाठी एकेकाळी स्पर्म व्हेल देवमाशाचं तेल वापरायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि गिअर तेलवाल्यांची पळापळ झाली. तो वेगळा एपिसोड होईल.)

आता इथे सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून नीट वाचा. दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस 'नव्वद नंबर ऑइल' म्हणून डबा देतो. नव्वद हा फक्त जाडपणा झाला. डब्यावर बारीक अक्षरात जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं, ते महत्त्वाचं. जीएल-५ मध्ये ती गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट. मग जास्त चांगलंच की, असं मला वाटलं होतं. नाही. गिअरबॉक्समध्ये गिअर पडताना दोन चाकांचा स्पीड जुळवायला पितळेच्या रिंगा असतात, सिंक्रो रिंग. त्यांचं कामच मुळी घर्षणावर चालतं. तेल जास्त निसरडं झालं की रिंग पकडतच नाही, गिअर 'खर्र' करून पडतो. शिवाय त्यातल्या काही संयुगांमुळे पितळ काळं पडून झिजतं. हल्लीच्या काही जीएल-५ तेलांमध्ये पितळाची काळजी घेतलेली असते, त्यामुळे सरसकट विष म्हणता येत नाही. पण जुन्या गाडीचा गिअरबॉक्स असेल तर गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला. हायपॉइड हाउसिंगला मात्र जीएल-५ च लागतं, तिथे जीएल-४ घालून पैसे वाचवू नका. म्हणजे दोन डबे, दोन वेगळी तेलं.

तेल आणलं. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला सपाट जागा बघून गाडी लावली. आधी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणली, कारण गरम तेल पातळ होऊन सगळा गाळ घेऊन उतरतं. जॅक लावला, चार घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. आणि चारही बाजूंनी सारखी उचलायची, कारण तेलाची पातळी तिरक्या गाडीत चुकीची कळते.

मग खालचं बुच सोडलं. काळं तेल भळाभळा परातीत. मी खूश, व्हिडिओ काढतोय. सगळं तेल निथळल्यावर खालचं बुच नवीन वॉशर घालून बसवलं आणि बाजूचं वरचं बुच, जिथून तेल भरायचं, त्याला पान्हा लावला.

हललं नाही.

पान्ह्याला पाइप लावला. पान्हा घसरला, बुचाचे कोपरे गोल झाले. आता गिअरबॉक्स रिकामा, तेल भरायचा रस्ता बंद, गाडी जागेवरून हलवायची सोय नाही, आणि एकवीरेला जायला तीन दिवस. प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसून टाकायचा आणि मग बॅकअप उघडतो का ते बघायचं, असला हा प्रकार. तुम्ही हे काम करणार असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल: आधी वरचं बुच सोडून बघा. ते सुटलं तरच खालच्याला हात लावा.

आई ओट्यावरून बघत होती. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

शेवटी शेजारचे नाना आले. त्यांची होडी आहे, होडीचं इंजिन ते स्वतः खोलतात. खाऱ्या पाण्यात गंजलेलं बुच सोडवणं हे त्यांच्यासाठी रोजचं. त्यांनी माझ्या हातातला पाइप काढून घेतला. "बाला, जोर नको लावू. आटे जातील, मग काय करशील?" बुचाभोवती तारेच्या ब्रशने गंज काढला, रॉकेलमध्ये थोडं तेल मिसळून त्याचे थेंब सोडले आणि हातोडीने बुचाच्या डोक्यावर हलकेच ठोकत राहिले. पाच मिनिटं ठोकायचं, थेंब सोडायचे, विडी ओढायला लांब जायचं. असं अंधार पडेपर्यंत. मग म्हणाले, "आता झोपू दे त्याला."

ठोकण्याने आट्यांमधला गंज भुगा होतो आणि त्या बारीक फटीतून तेल आपोआप आत शिरतं, त्याला वेळ लागतो. रविवारी सकाळी त्यांनी पकड घट्ट बसेल असा पान्हा आणला आणि मला म्हणाले, "पयलं जरा आवळ, मग सोड." आवळायच्या दिशेने केसभर हललं की गंजाची पकड तुटते. हललं. टक्क. मग मागेपुढे, मागेपुढे करत बाहेर आलं. नवीन बुच नेरुळच्या दुकानातून आणलं.

गिअरबॉक्सच्या जुन्या तेलात काय मिळालं? बुचावरच्या चुंबकाला राखाडी मलम. ते चालतं, इतक्या वर्षांची बारीक झीज आहे ती. बोटावर घेऊन चोळलं की खडा लागू नये. खडा, कपची किंवा दाताचा तुकडा दिसला तर थांबा आणि जाणत्याला बोलवा. तेलात सोनेरी चमक दिसली, ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगांनी वय दाखवायला सुरुवात केलीय. तिसरा गिअर थंडीत अडतो त्याचं कारण ते.

हाउसिंगकडे वळलो. यावेळी आधी वरचं बुच, नानांच्या देखरेखीखाली. सुटलं. मग खालचं. आणि जे बाहेर आलं ते तेल नव्हतं, कटिंग चहा होता. दुधाळ, तपकिरी. पाणी.

सील चांगली दिसत होती. मग पाणी गेलं कुठून? उत्तर एक्सलच्या वरच्या बाजूला होतं, एक छोटी टोपी, ब्रीदर म्हणतात तिला. गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. थंड झालं की हवा परत आत येते. आमची टोपी मातीने आणि ग्रीसने लिंपून गेली होती. मागच्या पावसाळ्यात बाबांनी एका भुयारी रस्त्यातल्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं, आतली हवा एकदम आकसली, ब्रीदर बंद, मग तिने एक्सलच्या सीलमधून पाणी ओढून घेतलं. सील बाहेर येणारं तेल अडवायला असते, आत ओढलं जाणारं पाणी अडवणं तिचं मुख्य काम नाही. त्या पाण्यासकट गाडी महिनोन्‌महिने धावली. पाणी मिसळलेलं तेल दातांवर थर धरत नाही, बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. गुणगुण तिथून आली.

टोपी काढून रॉकेलमध्ये धुतली, फुंकर मारून बघितली. थोडं स्वस्त जीएल-५ घालून चाकं हाताने फिरवली, ते काढून टाकलं, मग चांगलं भरलं. भरायचं किती? दोन्हीकडे नियम एकच: वरच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, तेल बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं, थेंब थांबले की बुच लावायचं. वरून ओतायला जागा नसते, म्हणून हातपंप लागतो. तो नसेल तर वरून खाली सोडलेली पारदर्शक नळी आणि नरसाळं, आणि भरपूर संयम.

पिनियनला हाताने हलवून बघितलं. किंचित खेळ आहे. क्राऊन-पिनियन उघडायचं नाही असं मी, नाना आणि बाबांनी मिळून ठरवलं. ते बसवताना दातांमधलं अंतर डायल गेजने मोजून, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात, पातळ पत्र्या घालून जुळवतात. यूट्यूब बघून करायचं काम नाही ते. मी केलं असतं तर गुणगुणीचा आरडाओरडा झाला असता.

जुनं तेल डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला दिलं, ते गोळा करणाऱ्याला देतात. आपल्याकडे वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतलंत तर ते खाडीत जातं, आणि खाडीत नानांची जाळी आहेत.

आवाज गेला का? नाही. कमी झाला. आधी ५० ला सुरू व्हायचा, आता ६५ च्या आसपास, आणि तोही ॲक्सिलरेटर सोडताना. पडलेले खड्डे तेलाने बुजत नाहीत. पण जे चालू होतं ते थांबलं असावं. हे 'असावं' तपासायला ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बुच सोडलं.

त्या ५०० मध्ये एकवीरा झाली. नऊ जण, मागच्या समोरासमोरच्या सीटवर चुलत भावंडं, मांडीवर नारळ आणि हार. बोरघाटात बाबा दुसऱ्या गिअरवर चढवत होते आणि रेडिओ बंद ठेवला होता. मला वाटलं आठवण म्हणून ठेवलाय. खोपोली गेल्यावर कळलं, ते मागचं ऐकत होते. लोणावळ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी वाकून हाउसिंगला हात लावला, पटकन काढला, आणि आईला म्हणाले, "गरम हाय, पण हात टेकतो."

५०० किलोमीटरनंतरचं तेल मधासारखं होतं, दूध नाही. चुंबकावर थोडंसं मलम. पुन्हा भरलं, झाकलं. बाबांनी डॅशबोर्डमधल्या वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिलं, खाली 'ब्रीदर साफ' असंही. आई अजून विका म्हणतेच. नोंदणी २०२९ पर्यंत आहे.

पावसाळ्याआधी तुमच्या गाडीची ती टोपी कुठे आहे ते एकदा शोधा, आणि सापडल्यावर फोटो पाठवा. गिअरबद्दल कुठे चुकलो असेन तर तेही पाठवा. गेल्या वेळी क्लचच्या एपिसोडला दोन मेकॅनिक मंडळींनी मला चांगलं झोडपलं होतं, ते पुढच्या भागात घेणार आहे.